मी घोडी मागितलीच न्हवती

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मशीनला कागद लावला आन् दोनदा काढून त्याची सुरळी करून कान कोरला. आई म्हणली, "लिहू नगंस बाबा, लिहिल्यानंच तर समदं झालं." बंकट म्हणला, "लिही, पन माझं नाव गाळ." आता बंकटचं नाव गाळलं तर मागं उरतं काय? घोडी. आन् घोडी तर मुळातच नव्हती.

पण परवा पालीच्या पारावर एका पाव्हण्यानं माझ्याकडं बोट करून शेजारच्याला विचारलं, "उडत्या घोडीसाठी सरकारात अर्ज केला त्यो ह्योच काय बे?" शेजारचा म्हणला, "ह्योच. सुभद्राबाईचा त्रिंबक. तसा शाना होता, पन मदीच वाचायला शिकला." तवाच ठरवलं, आता लिहायचंच.

तर पयल्या झूट सांगतो. मी सरकारकडं घोडी मागितली न्हाई. उडती बी न्हाई आन् चालती बी न्हाई. मी सागवानाची एक फळी मागितली होती, दीड हात लांब. बाकीचं समदं मराठी आन् उर्दू या दोन भाषांनी मिळून केलं. मी मधी निस्ता उभा होतो.

बीडात अर्जुनराव वकिलांकडं मी उमेदवार हाय. उमेदवार म्हणजे कोर्टात पिशवी धरायची, घरी पाणी भरायचं आन् कुणी विचारलं तर "वकिली शिकायलोय" म्हणायचं. त्यांच्याकडं एक जुनं मराठी टाइपाचं मशीन हाय. कुणी शिकवलं न्हाई, माझं मीच दोन बोटांनी शिकलो. त्याचं 'ळ' अक्षर मोडलंय, ते मी मागून टाकानं भरतो. कुठं राहिलंच तर वाचणारानं पदरचं घालावं. वकीलसाहेब जेवून आडवे झाले की मी टाइप करतो, त्यांचं घोरणं थांबलं की मी बी थांबतो. म्हणून ही हकिगत तुटक वाटली तर दोष त्यांच्या झोपेचा हाय.

आता बंकट. बंकट माझा लंगोटीयार. पालीहून बीडला रोज पायी जाऊन एका म्हाताऱ्या उस्तादाकडं आठ वरसं सतार शिकला. मारुतीच्या देवळापुढं भजनाचं जाजम पडलं की विणेकऱ्याच्या डाव्या अंगाची जागा त्याची. दोन वरसांखाली गुऱ्हाळावर ऊस लावता लावता त्याचा डावा हात चरकात गेला. अंगठा आन् त्याच्या जवळचं बोट तेवढं वाचलं, बाकीची तीन चरकानं ठेवून घेतली. जखम दोन महिन्यांत भरली. पण सतार त्यानं कणगीमागं टाकली, तिचा भोपळा उंदरांनी खाल्ला, आन् बंकट भजनाला यायचा बंद झाला. भजनाच्या वक्ताला तो मुद्दाम शेतात जाऊन पाखरं हाकायचा, शेतात पीक असो नसो.

मंडळींनी त्याची जागा रिकामी ठेवली होती. कुणी तसं ठरवलं न्हवतं, पण कुणी बसत न्हवतं. यंदा दिवाळीत गावचा सारा बघणारे माली पाटील सुंदरराव पारावर म्हणाले, "माझा भाचा पेटी शिकून आलाय. हनुमान जयंतीपासून त्यो बसंल तिथं. रिकामी जागा देवाला बी बरी दिसत न्हाई."

वाक्य साधं हाय. पण जाजमावरची जागा बांधावानी असते. एकदा दुसऱ्याचा नांगर फिरला की मागून मोजणी मागण्यात अर्थ न्हाई. आन् पेटी एकदा बसली की ती उठत न्हाई, तिला उठवायला दोन माणसं लागतात.

मी बंकटला सांगितलं तर तो म्हणला, "बसू दे की. तिथं मुंग्या लई चावत्यात." आन् उठून पाखरं हाकायला गेला. दुपारच्या उन्हात एक पाखरू न्हवतं.

त्याच दिवाळीत वकीलसाहेबांच्या घरी ग्रामोफोन आला. त्यातली एक तबकडी कुठल्या तरी लांबच्या बेटावरची. मी पाणी भरत होतो, घागर तशीच खांद्यावर राहिली. असा आवाज मी कवा ऐकलाच न्हवता. एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मधी पायरीच न्हाई, निस्ती घसरण. माणूस रडता रडता हसाया लागावा तसं. तबकडीच्या पाकिटावर चित्र होतं. एक गडी मांडीवर वाद्य आडवं ठेवून बसलाय, आन् डाव्या हातात, नीट ऐका, डाव्या हातात निस्ता एक लोखंडाचा तुकडा. तो तारांवर फिरवायचा. बोटं दाबायचं कामच न्हाई!

"साहेब, ह्याला डाव्या हाताची बोटं किती लागत्यात?"

"त्रिंबक, घागर गळायलीय."

"पन किती?"

"दोन पुरेत. हवाई गिटार म्हणतात त्याला," वकीलसाहेब म्हणले.

मी घागर ठेवली, पाकिटावरचं चित्र कागदावर उतरून घेतलं आन् पालीच्या वाटेला लागलो. 'हवाई' म्हणजे हवेवरची असंल, असं मी धरलं. घसरतंय म्हणल्यावर हवेवरचीच. माझी पयली चूक ही.

गावात सुतार एकच, सटवा. त्याच्या हातची गाडी तीन पिढ्या मोडत न्हाई. चित्र त्यानं सरळ धरलं, उलटं धरलं, मग विचारलं, "ह्याला बैल कुठं जुपायचे?"

"बैल न्हाईत, सटवामामा. हे वाजवायचं हाय."

"बरं. मग वजन किती मन पेलायचं?"

"वजन न्हाई. सूर पेलायचे."

"त्येच इचारतोय. सूर किती मन?"

सटवामामाला बलुतं नांगराचं, तिफणीचं, गाडीचं. गिटार कुठल्या कामात धरायची ह्यावर त्यानं दोन दिवस इचार केला आन् शेवटी 'तिफणीचं बारकं काम' म्हणून धरली. पोट आंब्याच्या लाकडाचं कोरलं, दांडी तिवसाची, खुंट्या बंकटच्या मेल्या सतारीच्या. वर झाकायची फळी मात्र त्यानं बाभळीची लावली. बाभूळ म्हणजे त्याच्या हातचं लाकूड, चाकं तिचीच करतो. फळी केली ती बोटभर जाड. "मोडनार न्हाई," म्हणला.

फळी बसायच्या आधी पोट सटवामामाच्या अंगणात उन्हात वाळत होतं तवा शेजारची, बंकटच्या भिंतीपल्याडची वच्छलाकाकू आली. तिनं चारी बाजूनं बघितलं.

"काटवट नामी झाली रं. पन हिला कंबर कावून ठिवली?"

"काटवट न्हाई काकू, वाद्य हाय."

"असंल. पन पीठ कंबरंत अडकंल बघ."

सांजच्यापर्यंत गावभर झालं, की त्रिंबक कंबर असलेली काटवट करायलाय. ज्यांना काटवट पटली न्हाई त्यांनी पाळणा म्हणून सांगितलं, आन् माझं लग्न झालेलं नसल्यामुळं पाळणा जास्त चालला. आईनं दोन दिवस माझ्याकडं असं बघितलं की मी जेवताना मान वर केली न्हाई.

त्यात सरसाचा घोळ झाला. फळी चिकटवायला सटवामामाला सरस उकळायचा होता, मी काकूकडून पातेलं मागून आणलं. काकूला वाटलं डिंक. सरस कातड्याचा असतो. वास सुटला तसा काकूनं पदर नाकाला लावला, काठीनं पातेलं ढकलत नेलं आन् नदीत सोडलं. माझ्याशी आठ दिवस बोलली न्हाई. बाकी समद्यांचा सल्ला चालूच होता. कुणी म्हणालं आतमधी भुसा भरा, आवाज भरदार येईल. कुणी म्हणालं वरून चुना लावा.

संक्रांतीला तारा चढवल्या. मी तार छेडली.

ठक्.

सतार झुळझुळते, वीणा गुणगुणते, आमची गिटार ठक् म्हणली. शेजारी वच्छलाकाकू आपलं दार उघडून बघून आली, तिला वाटलं कुणी कडी वाजवली. बंकट कोपऱ्यात उभा होता. मी त्याला जुलमानं आणलतं. त्यानं ती मांडीवर घेतली आन् एक शब्द बोलला.

"उठव."

"काय?"

"मांडीवरून उठव बे! पाय गेला माझा!"

दोघांनी मिळून उचलली. सटवामामा म्हणला, "गाडीखाली घातली तरी मोडनार न्हाई." बंकट पाय चोळत म्हणला, "मग घाल की." पण जाता जाता दारात थांबला. "त्रिंबक, तू माझ्यावर दया करायलास. मला दया नगं. वाजली तर वाजवीन. न्हाई वाजली तर तुझ्या डोस्क्यात घालीन. समजलं?"

वजन बघता हा मरणाचा वायदा होता. तरी मी खूश झालो. दोन वरसांत 'वाजवीन' हा शब्द त्याच्या तोंडातून पयल्यांदा निघालता.

सटवामामानं मान्य केलं, की वरची फळी पातळ पायजे, हलकी पायजे आन् जुनी वाळकी पायजे. म्हणजे सागवान. आमच्या बांधावर सागवानाचं एक झाड वादळात पडलेलं होतं. पण सागवान आपल्या बांधावर असलं तरी मालक सरकार. त्याला हात लावायचा तर कचेरीचा हुकूम पायजे.

गावातल्या समद्यांनी एकच सल्ला दिला: "लिही, नांगरासाठी पायजे. नांगराला मिळतं." एवढा शहाणा सल्ला मला जन्मात मिळाला न्हवता, आन् तोच मी मानला न्हाई. मी म्हणलं, खोटं कावून लिहायचं? चोरी करायलोय का? खरं काय ते लिहीन, आन् छातीवर हात ठेवून लिहीन.

मग वकीलसाहेब झोपल्यावर मी अर्ज टाइप केला. 'वाद्य' हा शब्द मी मुद्दाम टाळला. वकिलाकडं राहून मला कळलतं, की कागदात 'वाद' दिसला की कचेरी घाबरते, आन् वाद असलेलं लाकूड कुणाला मिळत न्हाई. म्हणून साधं लिहिलं: "अर्जदार हवाई गिटार करीत असून ती बिनपडद्याची आहे. सहा तारा घोडीवर बसवून ताणाव्या लागतात. ती मांडीवर घेऊन भर मंडळीत वाजवायची आहे. तरी तिच्या पोटासाठी सागवान मिळावे."

तुमीच सांगा, यात एक तरी शब्द खोटा हाय का? सतारीला पितळंचे पडदे असतात, हिला ते लागत न्हाईत. तारा ज्या बारक्या पट्टीवर टेकतात तिला घोडीच म्हणतात, आमच्या गावात बी आन् बीडच्या बाजारात बी. पोकळ भागाला पोट म्हणतात. मला तर अर्ज वाचून स्वतःचं कौतुक वाटलं.

कचेरीचं समदं काम उर्दूत, म्हणून तिथं मराठी अर्जाचं आधी उर्दू होतं. ज्या मुंशीनं ते केलं त्याला मी अजून बघितलं न्हाई. पण माणूस कामाचा पक्का असणार, कारण त्यानं एक शब्द सोडला न्हाई. सोडला तो निस्ता 'गिटार', तो त्याला माहीत न्हवता.

पाडव्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांत गावोगाव तपासणी करणारे गिरदावर साहेब तट्टावर बसून पालीत आले. संग शिपाई, शिपायाच्या हातात दप्तर. पाटलाला बोलावलं, गाव गोळा झालं. गिरदावर साहेब घाम पुसत म्हणले, "त्रिंबक कौन है? घोडी किधर है?"

"कोनती घोडी, साहेब?"

"हवाई घोडी."

समदे वर बघायला लागले.

मग साहेबांनी कागद काढून मोठ्यानं वाचला. तो कागद मला तोंडपाठ झालाय. "दरखास्तगुजार के पास एक हवाई घोडी है, बेपर्दा, जिस पर मुसम्मात तारा वगैरा छे नफर सवार होते हैं. दरखास्तगुजार इस घोडी को गोद में लेकर भरी मजलिस में बजाता है. घोडी के पेट के वास्ते सागवान मतलूब है."

मग सटवामामा हळूच म्हणला, "सागवान खाती व्हय? बाभळीवर भागत न्हाई मग तिचं."

हसू फुटणार तेवढ्यात सुंदरराव पाटील उठले. चेहरा मिरचीवानी. माझ्या ध्यानातच आलं न्हवतं, की पाटलीणबाईंचं नाव ताराबाई. कचेरीच्या कागदात बाईच्या नावामागं 'मुसम्मात' लावतात, आन् मुंशीनं माझ्या सहा तारांना सहा बायका करून वर पाटलीणबाईंना म्होरं बसवलतं.

"माझ्या घरच्या बाईला तू घोडीवर बसवलंस? सरकारात? आन् संग पाच कोन?"

"पाटील, तारा म्हंजे तार. लोखंडाची तार. एक तार, दोन तारा."

"माझं लगीन होऊन वीस वरसं झाली, मला शिकवतोस तारा म्हंजे काय ते?"

मी पळत जाऊन सटवाच्या अंगणातून गिटार आणली. पळत म्हणायची पद्धत हाय, उचलून पळण्याजोगी ती न्हवतीच. साहेबांपुढं ठेवली आन् नखाएवढी पट्टी दाखवली. "ही घोडी, साहेब."

गिरदावर साहेब वाकले. घोडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मियां, इस घोडी के वास्ते मैं धूप में चार कोस आया?"

"हौ, साहेब."

त्यांनी तार छेडली. ठक्. मग मला वाटलं आता बेड्या. पण साहेब तिथं पारावर बसून असे हसले की तट्टू बिचकलं. "अरे, ये तो साज है! साज लिखना था ना, कायकू इतना लंबा किस्सा लिखा?"

"साहेब, तुमच्या उर्दूत साज म्हंजे वाद्य, मराठीत साज म्हंजे खोगीर-लगाम. साज लिहिलं असतं तर तुमी घोडी सजवून मागितली असती."

ते डोळे पुसत म्हणले, "वो भी सही."

माणूस भला होता. पण भला माणूस आन् दप्तर ह्या दोन वेगळ्या गोष्टी. सागवान नामंजूर झालं. साज असो का घोडी, दोन्हीला सागवान द्यायचं कलम न्हाई. बांधावरच्या झाडाला शिपायानं सरकारी हातोड्याचा ठसा मारला, म्हणजे त्याचं पान उचललं तरी गुन्हा. आन् घोडीला तोवर नंबर पडलता. दप्तरात नंबर पडलेली घोडी 'नव्हतीच' असं लिहिता येत न्हाई, कारण मग नंबर कुणाला दिला? दर साल तीर ह्या सरकारी महिन्यात, म्हणजे भर उन्हाळ्यात, तिला बीडच्या कचेरीत हजर करून तपासून घ्यायची.

"एकच रस्ता," साहेब म्हणले. "घोडी को मार डालो. कागद पे. पंचनामा करो, घोडी फौत हुई. माली पाटील की दस्तखत, किस्सा खतम."

समद्यांनी पाटलाकडं बघितलं. सुंदररावांनी मिशीवर हात फिरवला. "करतो सही. आत्ता करतो. पन एक अट. ही काटवट हनुमान जयंतीला जाजमावर येनार न्हाई. ना आज, ना म्होरं कवा."

शिपायानं टाक शाईत बुडवून ठेवला. आई मागून म्हणत होती, "हो म्हन, हो म्हन." खरं सांगतो, माझ्या बी तोंडात 'हो' आलतं. पण गर्दीच्या पलीकडं बंकट उभा होता. तो माझ्याकडं बघत न्हवता. पाखरं हाकायला जातो तसा निघायच्या बेतात होता, खांद्यावर गोफण घातली होती.

मी म्हणलं, "साहेब, टाक ठेवा. घोडी जिती हाय."

"क्या?"

"जिती हाय. ठणठणीत. लिहून घ्या."

गावानं कपाळाला हात लावला. गिरदावर साहेबांनी मला येडा समजून 'घोडी जिंदा' लिहिलं आन् तट्टाला टाच मारली. बंकट जागचा हलला न्हवता. जवळ आला आन् म्हणला, "लई शाना हायस बे तू. घोडी जिती ठिवलीस. आता वाजवतोस कशी? ठक्?"

हा सवाल बिनतोड होता. जयंतीला तेरा दिवस, सागवानावर सरकारी ठसा, आन् माझ्याकडं एक जिवंत घोडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाकाकू आली. पातेल्यानंतर अंगणात पयल्यांदाच. पदराखालून तिनं काटवट काढून सटवामामापुढं आपटली. तलवाड्याहून, माहेराहून आणलेली, लग्नातली.

"सागवान हाय. हिच्यावर कोन ठसा मारतंय बघते मी."

सटवामामानं ती कानाजवळ धरून नखानं वाजवली. तीस वरसं रोज पीठ मळून मळून मधला भाग पापडावानी झालता. त्यानं पुन्हा वाजवली. मग तो माणूस, जो गाडीशिवाय कशाला गाडी म्हणत न्हाई, हळूच म्हणला, "वाजती की. मला रंध्यानं बी इतकं पातळ काढता आलं नसतं."

मी म्हणलं, "काकू, लग्नातली चीज. कावून मोडता?"

काकू खेकसली. "तुझ्यासाठी न्हाई रं मुडद्या! आठ वरसं मी बंकटच्या सतारीवर दळलंय. त्यो भिंतीपल्याड वाजवायचा, मी जातं वढायची. दोन पायली कवा सरायची कळायचं न्हाई. आता निस्ता दगुड ऐकू येतो." मग डोळे पुसून म्हणली, "आन् मला दुसरी काटवट करून दे. कंबर नसलेली."

बाभळीची फळी उचकटली आन् काटवटीचा तळ कापून तिच्या जागी तबली, म्हणजे वरची पातळ फळी, बसवली. सरस उकळायला या वेळी सटवामामानं स्वतःचं मडकं दिलं. उन्हानं सरस एकदा सुटला, तबली एका अंगानं उचलली, पुन्हा बसवली, वर दगड ठेवले. लोखंडाचा तुकडा म्हणून चाकाची खीळ घासून घासून आरशावानी केली. तारा चढवल्या आन् कुणी छेडायला तयार होईना. शेवटी काकूनंच करंगळी लावली.

मी आवाज कसा ते लिहीत न्हाई. सटवामामानं टोपी काढली, एवढं लिहितो.

बंकटला गिटार शेतात नेऊन दिली. निस्ती बांधावर ठेवली आन् आलो. आठ दिवस त्याच्या शेतातून येणारी माणसं सांगायची, "बंकट पाखरं हाकायलाय, पन पाखरं जायना झाल्यात."

हनुमान जयंतीला दिवस उगवायच्या टायमाला देवळापुढं जाजम पडलं. विणेकऱ्याच्या डाव्या अंगाला पाटलाचा भाचा पेटी घेऊन बसलेला. पोरगा भला, बावरलेला. बंकट आला. हातात गिटार, मागं मी, माझ्या मागं काकू, काकूच्या हातात कशाला कुणास ठाऊक लाटणं.

सुंदरराव उभे राहिले. "देवळाम्होरं घोडी आनत न्हाईत."

मी म्हणलं, "मग घोडी हाय हे कबूल करा, पाटील. तुमीच तर तिला काटवट म्हणला होता. काटवटीला देवळात बंदी कवापासून?"

"जाजमावर पाय ठिवायचा न्हाई."

बंकट जाजमाच्या कडेला, उघड्या फरशीवर मांडी घालून बसला. गिटार मांडीवर आडवी घेतली. अंगठा आन् एका बोटात खीळ धरली. भजन सुरू झालं. पेटी वाजत होती, चांगली वाजत होती, पायरी पायरीनं. आन् मग त्या पायऱ्यांच्या मधून बंकटची खीळ घसरत आली.

मंडळींचे टाळ पडत होते, पण डोळे एकाच बाजूला. बंकटनं सूर असा वर नेला की टाळकऱ्यांच्या माना संग वर गेल्या, आन् तिथून इतका सावकाश खाली आणला की विणेकरी पाऊल टाकायचं विसरला. भाच्याची बोटं पेटीवर थांबली. दोन ओळी तो निस्ता ऐकत राहिला. मग त्यानं भाता बंद केला, पेटी उचलून हातभर पलीकडं सरकवली. दोन माणसं लागली न्हाईत.

"दादा, इकडं बसा की," तो म्हणला. "फरशी तापंल आता."

सुंदररावांनी "अरे!" म्हणून तोंड उघडलं, आन् त्याच टायमाला फाट्कन एक तार तुटली. समदे दचकले. मला वाटलं झालं, संपलं. सुंदररावांच्या तोंडावर हसू आलं सुद्धा.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पाटलीणबाईंचा आवाज आला. "आवं, बघा बघा! एक तारा पडली घोडीवरून!"

आधी बायका हसल्या, मग टाळकरी, मग विणेकरी. पाटलीणबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सुंदररावांना बसण्यावाचून इलाज राहिला न्हाई. बंकट पाच तारांवर उठला, चार पावलं चालला आन् आपल्या जागेवर बसला.

तिथल्या मुंग्या अजून चावतात म्हणला.

ही झाली हकिगत. कालच कचेरीचा कागद आलाय: तीर महिन्यात घोडी हजर करावी. मी तो कागद घेऊन बंकटच्या शेतात गेलो. तो नवी तार चढवत होता, दातांनी धरून.

"पंचनामा करून टाक बे," तो म्हणला. "पाटील गुमान सही करंल आता. घोडी मारून मोकळा हो. माझ्यापायी दर साल कचेरीत हसं करून घेतोस का?"

"अट सोडलीय का त्यानं?"

"न्हाई. जाजमाची अट हाय तशीच. म्हनतो, घोडी पुन्यांदा जाजमावर येनार न्हाई एवढं कागदावर लिहून दे, की सही करतो."

वकीलसाहेबांचं घोरणं थांबायला लागलंय, म्हणून लवकर लिहितो. मी बंकटच्या हातातून तारेचं टोक घेतलं, खुंटीला गुंडाळलं आन् त्याला सांगितलं:

"ऐक. दर साल तीर महिन्यात मी तुझी ही घोडी खांद्यावर टाकून चार कोस बीडला नेईन. साहेब इचारतील, जिती हाय का? मी म्हनंन, हौ साहेब, छेडून बघा. जवर तुझी दोन बोटं त्या खिळीवर हायेत, बंकट, तवर सरकारच्या दप्तरात ही घोडी मरनार न्हाई. माझा शब्द हाय तुला."